सर्जेराव वॉरंटी घ्यायला जातो

एका गावात एक भोळा नवरा राहत होता. गावाचं नाव तांबडमळा आणि नवऱ्याचं नाव सर्जेराव. नाव ऐकून कुणाला वाटेल, हा घोड्यावर बसून तलवार फिरवत असेल. तसं काही नव्हतं. सर्जेराव एक पांढरी व्हॅन चालवायचा, आणि तीसुद्धा हळू. त्याच्या अंगात आळस नव्हता, खोटेपणा नव्हता, कसलं व्यसन नव्हतं. एकच खोड होती. तो सांगितलेलं ऐकायचा. जितकं सांगितलं तितकं, जसं सांगितलं तसं, आणि नेमकं भलत्याच ठिकाणी.

त्याची बायको इंदू मात्र हुशार. तिचा मसाल्याचा धंदा होता. गावातल्या चार-पाच बाया हाताशी घेऊन ती काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करायची, आणि सर्जेराव तो माल व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या दुकानांत पोचवायचा. व्हॅन तिनेच पै-पै साठवून घेतलेली. पण गाडी घरच्या पुरुषाच्या नावावर असावी असं सासूचं म्हणणं पडलं, म्हणून कागदावर मालक सर्जेराव. पुढे सासू गेली, कागद तसेच राहिले.

तर त्या व्हॅनची कंपनीने दिलेली वॉरंटी महिनाअखेरीला संपत आली. शोरूममधून फोन यायला लागले. वाढीव वॉरंटी घ्या म्हणे. मुदतीच्या आत घेतली तर मिळेल, नंतर मागितली तरी मिळणार नाही.

इंदू विचारात पडली. पलीकडच्या गावात तिची मैत्रीण सुमन लोणची करायची. तिच्या टेम्पोचा गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीला पैसे नव्हते, टेम्पो दारात उभा राहिला. दुकानदार काय थांबतात होय? त्यांनी दुसरीकडून लोणचं घेतलं. सुमन आता लोकांच्या रानात खुरपायला जाते. ते आठवलं की इंदू हातातलं काम सोडून व्हॅन बघून यायची. पण वॉरंटी घ्यायची तर कांडपयंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडायला लागणार. आणि पैसे भरले, अन् व्हॅन पुढे काही कुरकुर न करता चालली, तर? मग ते पैसे गेलेच म्हणायचे. घ्यावी तरी पंचाईत, न घ्यावी तरी पंचाईत.

स्वतः जाऊन बघावं तर दिवस मसाल्याचे. अंगणभर मिरच्या वाळत पडलेल्या. आणि सही तर सर्जेरावाचीच लागणार. शेवटी तिने त्यालाच पाठवायचं ठरवलं.

"आवो, जावा आणि ती वॉरंटी काय असती ते बघून या," इंदू म्हणाली. "पण पारखून घ्या. बैल घेताना कसं बघून घेता, तसं."

सर्जेरावाला पटलं. त्याला नेहमीच पटायचं.

तो शोरूमला गेला. चपला बाहेर काढून काचेच्या दारातून आत शिरला. टेबलामागे केतन नावाचा गळ्यात टाय बांधलेला तरुण पोरगा बसला होता.

"वॉरंटी दावा," सर्जेराव म्हणाला.

केतनने एक गुळगुळीत छापील कागद पुढे केला. सर्जेरावाने तो उलटा केला, सुलटा केला. दोन्ही हातांनी फाकवला आणि आत वाकून बघितलं.

"हिला दात न्हाईत," तो म्हणाला.

"काय नाहीत?"

"ऱ्हाऊ द्या. जरा चालवून दावा."

"काका, वॉरंटी चालवून दाखवता येत नाही. ती लागेल तेव्हा कामाला येते."

"म्हंजे सध्या बसूनच असती," सर्जेराव म्हणाला, आणि त्याने नाक मुरडलं. तरी सौदा करून बघायला हरकत नव्हती. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची, म्हणजे दोघांनाच कळतं. सर्जेरावाने खांद्यावरचा पंचा काढला, केतनच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि दोन बोटं दाबली.

केतनने हात ओढला. सर्जेरावाला वाटलं, भाव कमी पडला. त्याने तिसरं बोट धरलं. केतन खुर्चीसकट मागे सरकला आणि त्याने मॅनेजरला हाक मारली.

घरी येऊन सर्जेरावाने सगळं जसंच्या तसं सांगितलं. इंदूने कपाळाला हात लावला.

"आवो, बैलाचं बैलापाशी! शिकलेला माणूस बोलत असला की हाताची घडी घालून गप बसावं. त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. मधी तोंड घालू नये, जागचं हलू नये."

सर्जेरावाने मान हलवली. त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी इंदू बायांना घेऊन परसात मिरच्या भाजत होती. पुढच्या अंगणात सर्जेराव एकटा. त्याच्या पाठीमागे चादरीवर सोललेले शेंगदाणे वाळत घातलेले. तेवढ्यात कुंपणापलीकडून तारामावशी आली. तारामावशी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. शिकलेली. आणि तिची एक पद्धत होती. कुठलीही गोष्ट सांगायची तर ती मुळापासून सांगायची.

"सर्जेराव," ती म्हणाली, "तुला ठाऊकच आहे, माझ्या भावानं मला शेळी दिली. म्हणजे ती आधी त्याच्या मेव्हण्याची."

सर्जेराव हाताची घडी घालून बसला.

मग मेव्हण्याची हकिगत झाली. त्याच्या गोठ्याची झाली. शेळीच्या आईची झाली. शेळीला दाव्याला बांधलं तर ती दावं कशी चावते, ते झालं. सर्जेरावाच्या मागे कसला तरी करकर आवाज येत होता. पण हलायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने तारामावशी म्हणाली, "तर तीच शेळी आज दावं तोडून आली आणि मघापासून तुझ्या पाठीमागे शेंगदाणे खातेय. पोट फुटेल रे तिचं, हाकल तिला!"

सर्जेरावाने क्षणभर वाट बघितली.

"झालं का तुमचं बोलून?" त्याने विचारलं.

"झालं."

मग तो उठला. शेळीचंही खाऊन झालं होतं.

इंदूने रिकामी चादर बघितली, उचलून झटकली. एक दाणा पडला नाही. "आवो, नुकसान होताना दिसलं की आधी हात घालायचा! तिथं कुणी काय बी बोलंना, ऐकत बसायचं न्हाई. नुकसान दिसलं की हात घालायचा. कळलं?"

कळलं. पटलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात शोरूमचा निरोप आला. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर आधी गाडी तपासून घ्यावी लागेल, आणून सोडा. सर्जेराव व्हॅन घेऊन गेला. मागच्या बाजूला वर्कशॉप होतं. तिथे लतीफ मिस्त्रीने व्हॅन वर उचलली, खालचा एक नट काढला, आणि इंजिनातून काळं ऑइल धार लागून खालच्या भांड्यात पडायला लागलं.

सर्जेरावाने ते बघितलं. हे तर सरळसरळ नुकसान. तो धावला, व्हॅनखाली शिरला आणि त्याने त्या भोकात अंगठा घातला. धार थांबली.

"काका, बोट काढा," लतीफ मिस्त्री म्हणाला.

"न्हाई काढणार."

"अहो, ते जुनं ऑइल आहे. काढून टाकायचंय."

"जुनं असलं तरी आमचं हाय."

लतीफ मिस्त्रीने समजावलं. त्याच्या हाताखालच्या पोरांनी समजावलं. केतन आला, टाय खांद्यावर टाकून खाली वाकला आणि त्यानेही समजावलं. पण बोलणं ऐकत बसायचं नाही, असं सर्जेरावाला बजावलेलं होतं. तो कोपरापर्यंत काळा होऊन व्हॅनखाली उभा. शेवटी जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे उघडून बसले, आणि हळदीतल्या मिरचीचं लोणचं आहे म्हटल्यावर सर्जेरावाने अंगठा काढला.

जाताना केतन हात जोडून म्हणाला, "काका, एक नियम पक्का लक्षात ठेवा. काही बिघडलं तर तुम्ही हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. वस्तू आहे तिथे, आहे तशी राहू द्यायची. वरून झाकायची आणि ज्यांची आहे त्यांना फोन करायचा. त्यांची माणसं येऊन उचलतील. मध्ये हात लावलात तर सगळी जबाबदारी तुमच्यावर."

इंदूला त्याने हे सांगितलं. इंदू म्हणाली, "एवढं तरी नीट ध्यानात ठेवा."

इथवर जे झालं ते शेंगदाण्यांवर आणि ऑइलवर भागलं होतं. पण मुदतीच्या आदल्या दिवशी इंदूचा थोरला भाऊ उत्तमराव आला. उत्तमराव बाजार समितीत नोकरीला. व्यवहारातला माणूस. या वॉरंटीचं काय करावं ते विचारायला इंदूनेच त्याला बोलावून घेतलं होतं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून तो एसटीतून उतरला, घराशी आला. इंदू दळणाला गेलेली. अंगणाच्या कडेला शेणाचा खड्डा होता. उत्तमराव "काय दाजी, बरं हाय का?" म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा पाय निसटला. तो थेट खड्ड्यात.

"आई गं!" उत्तमराव ओरडला. "दाजी, पाय मुरगळला. हात द्या."

सर्जेरावाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हात लावायचा न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "हाय तिथं, हाय तसं ऱ्हायचं."

ओरडा ऐकून शेजारपाजारची माणसं धावली. सर्जेराव खड्ड्यापुढे आडवा झाला. "कुणी हात लावायचा न्हाई! जबाबदारी आमच्यावर येती." मग तो आत गेला, व्हॅनवर घालायची ताडपत्री आणली आणि उत्तमरावावर नीट पसरली. वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. उत्तमराव आतून बोलत होता. काय बोलत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग सर्जेरावाने उत्तमरावाच्या घरी फोन लावला.

"वैनी, तुमचं माणूस आमच्या दारात पडलंय. आम्ही अजिबात हात लावलेला न्हाई. झाकून ठेवलंय. उचलायला तुमची माणसं पाठवा."

पुढचं काही सर्जेरावाला ऐकू आलं नाही, कारण पलीकडे वैनीने हंबरडा फोडला होता.

इंदू डोक्यावर पिठाचा डबा घेऊन परतली, तर अंगणात गाव जमलेलं, शेणाच्या खड्ड्यावर ताडपत्री, आणि ताडपत्री शिव्या देतेय. तिने डबा खाली टाकला. भावाला ओढून वर काढलं, धुऊन घेतलं, घोट्याला आंबेहळदीचा लेप लावला. वैनीला फोन करून तो जिवंत असल्याचं सांगितलं. तिला ते खरं वाटेना, म्हणून उत्तमरावाला स्वतः खोकून दाखवावं लागलं. मग इंदू चुलीपुढे बसून रडली. खरंच रडली. उद्या मुदत संपणार. तिने स्वतः सर्जेरावाबरोबर जायचं पक्कं केलं होतं. आता भाऊ खाटेवर. त्याला पाण्याचा तांब्या द्यायलासुद्धा माणूस हवं, आणि सर्जेरावाच्या भरवशावर त्याला सोडायचं म्हणजे परत ताडपत्री.

उत्तमरावाचा राग रात्री पिठलं-भाकरी पोटात गेल्यावर उतरला. माणूस मनाने मोठा. सकाळी खाटेवरूनच तो म्हणाला, "इंदे, रडू नको. दाजी, हिकडं या. ह्याचा हिशोब लई सोपा हाय. दुनियेत वस्तू ढीगभर असत्यात. सगळ्यांची वॉरंटी घेत बसलं तर माणूस भिकेला लागंल. आपण फक्त एक बघायचं. कुठली बंद पडली तर आपलं घरच बंद पडंल? तिची तेवढी घ्यायची. बाकी कशाची घ्या म्हणून कुणी गळ्यात पडलं तर सरळ नको म्हणून सांगायचं, सही करून मोकळं व्हायचं."

इंदूने डोळे पुसले. किती दिवस डोक्यात घोळत होतं ते भावाने दोन वाक्यांत सोडवलं होतं. तिला सुमन आठवली, दारात उभा राहिलेला टेम्पो आठवला. कांडपयंत्र पुढच्या वर्षी घेऊ. घ्यायचीच, असं तिने ठरवलं.

"कळलं का, कशाची घ्यायची ते?" तिने विचारलं.

"कळलं," सर्जेराव म्हणाला.

आता इथे इंदूने तोंडाने एकदा 'व्हॅन' म्हणायला हवं होतं. पण उंबऱ्यापलीकडे उभ्या असलेल्या, रोज दिसणाऱ्या व्हॅनचं नाव काय घ्यायचं? तुम्ही-आम्हीसुद्धा घेतलं नसतं. तिला काळजी वेगळीच होती.

"आणि एक अट घाला," ती म्हणाली. "दुरुस्तीला नेली तर तेवढ्या दिवसांपुरती त्यांनी दुसरी द्यायची. न्हाई तर माझी कामं कोण करणार? आणि कसली तरी जुनीपानी गळ्यात मारतील. हाय तिच्यापेक्षा जुनी नको म्हणावं. हे कबूल केल्याशिवाय पैशाला हात लावू द्यायचा न्हाई."

सर्जेरावाने मान हलवली. पैसे पिशवीत घातले, पिशवी छातीशी धरली आणि निघाला.

शोरूममध्ये केतनने त्याला लांबूनच बघितलं आणि हात टेबलाखाली घेतले. पण आज सर्जेरावाने पंचा काढला नाही. तो शांतपणे खुर्चीत बसला आणि विचार करायला लागला. कुठली बंद पडली तर घर बंद पडेल? विचार करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. केतनने चहा मागवला. चहा संपला. मग सर्जेरावाचा चेहरा एकदम उजळला. त्याने टेबलावर थाप मारली आणि बोलायला सुरुवात केली.

संध्याकाळी व्हॅन अंगणात येऊन थांबली तेव्हा इंदू दारातच उभी होती. बाया मसाला चाळत बसल्या होत्या. उत्तमराव खाटेवर उशीला टेकून.

"घेतली का?" इंदूने विचारलं.

"बोलणं करून आलोय."

"म्हंजे? आणि ही पैशांची पिशवी परत कशी?"

"पैसे घेईनात ते. म्हणाले, वरच्या सायबांना इचारून सांगतो. त्यांच्याकडं अशी केस पहिल्यांदाच आलीया."

इंदू दारातून खाली उतरली. "व्हॅनची वॉरंटी रोज शेकडो लोक घेत्यात. पहिल्यांदा कशी?"

"व्हॅनची?" सर्जेराव म्हणाला. "व्हॅनची कशाला? तिला नको म्हणून सही करून आलो. पाव्हण्यांनी सांगितलं तसं."

उत्तमराव उशीवरून उठून बसला. दाराबाहेर व्हॅन उभी होती, आणि शोरूम बंद व्हायची वेळ टळून गेली होती.

"आवो," इंदू म्हणाली, "मग कशाची मागितलीत?"

"तुझी," सर्जेराव म्हणाला.

चाळण्या थांबल्या.

"लई इचार केला," सर्जेराव सांगायला लागला. "म्हटलं, कुठली बंद पडली तर घर बंद पडंल? व्हॅन बंद पडली तर एसटी हाय. एसटी न्हाई तर डोक्यावर पाटी घिऊन जाईन. पर तू बंद पडलीस तर? मसाला कोण करणार, हिशोब कोण बघणार, आन् मला कुठं काय करायचं ते कोण सांगणार? मला तर सकाळी उठून कुठल्या बाजूला जायचं त्येबी कळायचं न्हाई. म्हणून म्हटलं, पैसे जाऊ देत, पर इंदूची वॉरंटी पायजे."

इंदू त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या माणसाने तिला असं कधी काही म्हटलं नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. व्हॅनचं काय व्हायचं ते होवो, असं तिला खरोखर वाटलं. तिने पदराने डोळे टिपले. उत्तमरावसुद्धा मुरगळलेला पाय विसरून मेव्हण्याकडे कौतुकाने बघायला लागला. बायांतली एक हळूच नाक ओढत होती.

"बसा," इंदू अगदी मऊ आवाजात म्हणाली. "दमला असाल. चहा ठेवते."

"ठेव," सर्जेराव म्हणाला. "आन् तू घोर करू नको. तुझी अट मी विसरलो न्हाई."

"कुठली अट?"

"तुला दुरुस्तीला नेलं की तेवढ्या दिवसांपुरती त्यांनी दुसरी आणून द्यायची. आन् ती तुझ्यापेक्षा जुनी नको, हे दोनदा बजावून आलोय."